वेगाच्या देवाला अर्पण

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाजवळ इन्व्हरकार्गिल नावाचं शहर आहे. तिथल्या बर्ट मन्रो यांनी १९२० मध्ये, ऐन एकविशीत, ‘इंडियन स्काउट’ मोटारसायकल घेतली. इंजिन ६०० सीसीचं, वेग फार तर ताशी ८८ किलोमीटर. पुढची बहुतेक हयात त्यांनी या इंजिनाला वाहिली.

हाताशी पैसा बेताचाच. दिवसा मोटारसायकली विकायच्या आणि रात्री शेडमध्ये राबायचं, असा बरीच वर्षं क्रम. नवे सुटे भाग घेणं परवडेना, म्हणून ते घरीच घडवले. पिस्टन ओतायला साचे म्हणून जुने डबे. सिलिंडरसाठी बिडाचे जुने पाइप. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या पोलादी आसातून कापून, घासून काढलेले. मोजायचं मायक्रोमीटरसुद्धा चाकाच्या जुन्या स्पोकपासून केलेलं.

ही यादी वाचून कौतुक वाटतंच. पण खरी कसोटी तिच्यापुढे सुरू होते. मूळ इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बगलेला होते, त्यामुळे पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला वळसा घालून आत शिरावं लागे. मन्रोंनी व्हॉल्व्ह वर नेले, त्यासाठीची हेड स्वतः बनवली. वाट मोकळी झाली, दाब वाढवता आला. इंजिन वाढत वाढत ९५० सीसीपर्यंत गेलं. मात्र वाढलेला दाब कुणाला तरी सोसावा लागतोच. पिस्टन टिकला की रॉड तुटतो, रॉड भक्कम केला की बेअरिंग जातं. इंजिनाचं बळ वाढवलं तरी त्यातला दुबळेपणा संपत नाही, तो फक्त जागा बदलतो. तो आता कुठे जाऊन बसला आहे हे शोधायचं, तो भाग पुन्हा घडवायचा, पुन्हा बसवायचा. वर्षानुवर्षं हेच.

मन्रोंच्या शेडमध्ये एक फळी होती. तिच्यावर फुटलेले पिस्टन, मोडलेले रॉड मांडून ठेवलेले आणि वर लिहिलेलं : ‘वेगाच्या देवाला अर्पण’. आपणही दसऱ्याला यंत्रं पुसतो, त्यांना झेंडू वाहतो, पण धडधाकट यंत्रांना. मोडका भाग त्याआधीच भंगारात गेलेला असतो. मन्रोंनी तो मान मोडक्याला दिला, आणि मला तो अगदी योग्य वाटतो. पुढचा पिस्टन कुठे जाड हवा, हे त्या फुटक्या पिस्टनइतकं नेमकं त्यांना कोण सांगणार होतं? आपल्या हातून मोडलेल्या वस्तू रोज डोळ्यांसमोर राहू देणं सोपं नसतं. आपण बहुतेकजण त्या आधी नजरेआड करतो.

१९६७ मध्ये, वयाच्या ६८व्या वर्षी, अमेरिकेतल्या यूटा राज्यात बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर मन्रोंनी त्याच मोटारसायकलवर १००० सीसीच्या गटात विक्रम केला. नोंद झाली ताशी १८३.५८६ मैलांची. १९७८ मध्ये ते गेले. त्यानंतर खूप वर्षांनी, सरासरी काढताना तेव्हा चूक झाली होती हे त्यांच्या मुलाच्या ध्यानात आलं, आणि २०१४ मध्ये नोंद सुधारून १८४.०८७ मैल, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटर, करण्यात आली. फरक जेमतेम अर्ध्या मैलाचा. पण तो मन्रोंचा होता, आणि त्यांच्या नावावर लागायलाच हवा होता.