पूर ओसरल्यावर

नदीला पूर आलेला पाहून वर कुठेतरी पाऊस झाला असणार, असे आपण म्हणतो. कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या या अनुमानाला न्यायदर्शनात ‘शेषवत्’ म्हटले आहे. त्यावरचा आक्षेपही न्यायसूत्रांनीच नोंदवला आहे: पाणी अडवले तरी नदी फुगते, मग पुरावरून पाऊस कसा सिद्ध होणार? भाष्यकार वात्स्यायनाचे उत्तर मार्मिक आहे. नुसते पाणी वाढले म्हणून कोणी पावसाचे अनुमान करत नाही. धारेचा वेग, फेस, वाहत आलेली पाने, फळे, लाकडे हे सारे पाहून करतो. खूण जितकी विशिष्ट, तितकेच अनुमान पुढे जाऊ शकते. सूर्यमालेच्या जन्माविषयी आपण काय जाणतो आणि काय नुसते मानतो, हे या एका कसोटीवर तपासता येते.

फेब्रुवारी १९६९ मध्ये मेक्सिकोतल्या अयेंदे परिसरात उल्कापाषाणांचा वर्षाव झाला. त्यांतले कॅल्शियम-ॲल्युमिनियमयुक्त पांढुरके कण सुमारे ४५६.७ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे सूर्यमालेतच घडलेल्यांपैकी ज्ञात असलेले सर्वांत जुने घन पदार्थ. १९७६ मध्ये ली, पापानास्टासिऊ आणि वॉसरबर्ग यांना त्यांत मॅग्नेशियम-२६ हे समस्थानिक प्रमाणाबाहेर आढळले. एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ते बाहेरून तसेच येऊन मिसळलेले असू शकते. हा ‘पाणी अडवल्याचा’ आक्षेप झाला. पण खनिजात ॲल्युमिनियम जितके अधिक, तितकेच हे जादा मॅग्नेशियमही अधिक, असे प्रमाण जुळले. त्याचा सरळ अर्थ असा, की स्फटिक घडला तेव्हा तिथे किरणोत्सारी ॲल्युमिनियम-२६ होते आणि त्याचे मॅग्नेशियम-२६ मध्ये रूपांतर जागच्या जागी झाले. वात्स्यायनाचा फेस आणि पालापाचोळा तो हाच. स्थिर ॲल्युमिनियमच्या दर लाख अणूंमागे या समस्थानिकाचे सुमारे पाच अणू होते, इथपर्यंत हिशेब लागतो. त्याचा अर्धायुष्यकाल अवघा सात लाख वर्षांचा, त्यामुळे सुरुवातीच्या त्या साठ्यातला एकही अणू आज शिल्लक नाही. प्रत्यक्ष तेवढेच प्रमाण मानणाऱ्या चार्वाकाला हे ज्ञान नाकारावे लागेल. पण मग काल रात्रीचा पाऊस सकाळच्या चिखलावरून ओळखण्याचा हक्कही त्याला सोडावा लागेल.

मात्र ‘होते’ हे कळले म्हणजे ‘कुठून आले’ हे कळले असे होत नाही. इतके अल्पायुषी द्रव्य फार आधी तयार झालेले असू शकत नाही, म्हणून १९७७ मध्ये कॅमेरॉन आणि ट्रुरान यांनी सुचवले, की शेजारच्या ताऱ्याच्या महास्फोटाने हे द्रव्य पेरले आणि आपली सूर्यमाला ज्यातून घडली तो मेघ त्याच धक्क्याने कोसळू लागला. कल्पना भव्य आहे. पण असा स्फोट लोह-६०ही मुबलक आणतो, आणि उल्कांतल्या त्याच्या खुणांची अलीकडची अनेक मोजमापे फारच कमी भरली आहेत. त्यामुळे ॲल्युमिनियम-२६ भरपूर आणि लोह-६० जवळजवळ नाही अशा, स्फोटाआधीच्या महाकाय वुल्फ-रायेत ताऱ्यांच्या वाऱ्यांकडे पुष्कळांचे लक्ष वळले. शिवाय २००० साली अयेंदेच्याच कणांत बेरिलियम-१० चा माग लागला. ते ताऱ्यांच्या पोटात शिजत नाही. वेगवान कणांच्या माऱ्याने मोठी अणुकेंद्रे फुटून घडते. तेव्हा नदी एक असली तरी तिला मिळणारे ओढे अनेक असावेत. इथे खुणा कमी विशिष्ट आहेत, आणि त्या बेताने खात्रीही कमी.

याच्याही पुढची उडी श्रद्धा घेते. ॲल्युमिनियम-२६ च्या उष्णतेने आरंभीचे लघुग्रह वितळले. राजस्थानात पिपलिया कलाँ येथे १९९६ मध्ये पडलेली उल्का अशाच एका वितळून थिजलेल्या कवचाचा तुकडा, आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील संशोधकांना तिच्यातही या समस्थानिकाचा माग मिळाला. त्याच उष्णतेने ग्रहांच्या घटकद्रव्यातले पुष्कळ पाणी उडून गेले, नाहीतर पृथ्वी अथांग सागराखाली बुडाली असती, असा काहींचा कयास आहे. मग तारा आपल्यासाठीच खपला, असे का म्हणू नये? उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त जग हे कार्य आहे यावरून कर्त्याचे अनुमान केले, त्याच वाटेने इथे हेतूचे अनुमान होते. पण हेतूची विशिष्ट खूण कोणती? १९८० च्या दशकात उपग्रहाने टिपलेल्या गॅमा किरणांवरून दिसले, की आकाशगंगेत ॲल्युमिनियम-२६ आजही तयार होत आहे, आपण असू वा नसू. परिणाम उपकारक ठरला, यावरून तो अभिप्रेत होता असे निघत नाही. भाविक म्हणेल, हेतू उल्केत मोजायची वस्तूच नव्हे. मान्य, मग उल्केला साक्षीलाही बोलावू नये. आणि ‘हेतू नाही हे सिद्ध झाले’ म्हणणाऱ्यालाही हाच नियम लागू, कारण खूण न सापडणे म्हणजे अभावाची खूण सापडणे नव्हे. फेसावरून पाऊस कळतो. तो कोणाच्या शेतासाठी पडला, हे फेसात लिहिलेले नसते.