शाळेसाठी बिऱ्हाड

मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड हलविणे ही आपल्या समाजात नवी गोष्ट नव्हे. कोकणातील व देशावरील कित्येक कुटुंबांनी पुण्या-मुंबईची वाट धरली ती नोकरीइतकीच शाळेसाठीही धरली. वडील गावी शेतीवाडी पाहत आणि आई मुलांना घेऊन शहरात दोन खोल्यांत राही. ज्यांना तेवढेही जमत नसे त्यांची मुले वार लावून जेवत आणि शिकत. या साऱ्या सोसण्यात एक गोष्ट मात्र सोपी होती. मुलगा कोणत्या पेठेत उतरला आहे यावर त्याचा शाळेतील प्रवेश अवलंबून नसे. (जातीवर आणि फीवर किती अवलंबून असे, हा प्रश्न निराळा, आणि तो लहान नव्हे.)

आज हाच विषय निराळ्या रूपाने माझ्यापुढे येतो. माझे काही जुने विद्यार्थी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात स्थायिक झाले आहेत. मूल पाच-सहा वर्षांचे होत आले, की त्यांच्या लिहिण्यात एकच चिंता दिसू लागते: कोणत्या उपनगरात घर घ्यावे? घर लहान असले तरी चालेल, कचेरीला जाण्यास दीड तास लागला तरी चालेल, पण शाळा चांगली हवी. एकाने तर स्पष्टच विचारले, "सर, हे करण्यात काही गैर आहे का?" त्याने हा प्रश्न विचारला याचेच मला समाधान वाटले, कारण घर घेणारे पुष्कळ, विचारणारे थोडे.

तिकडची व्यवस्था ज्यांना परिचित नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेतील सरकारी शाळांत फी नाही. परंतु शाळांचा कारभार गावोगाव विभागलेला आहे. न्यू जर्सीत तर लहानसहान गावांचेही स्वतंत्र शाळामंडळ असते, आणि त्याच्या खर्चाचा मोठा भाग त्या गावच्या घरपट्टीतून येतो. जेथे घरे मोलाची तेथे शाळा संपन्न, आणि जेथे शाळा संपन्न तेथे घरे आणखी मोलाची. मुलाने कोणत्या शाळेत जावे हे बहुधा घराच्या पत्त्यावरून ठरते. सबब फी कोणी मागत नसले तरी ती घराच्या किमतीत आधीच वसूल झालेली असते. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात बॉस्टनभोवतालच्या उपनगरांतील अशी घरे तपासली, की जी शाळांच्या हद्दीला लागून, पण तिच्या दोन बाजूंस होती. वस्ती तीच, हवा तीच, फक्त शाळा निराळी. प्राथमिक शाळेतील परीक्षेचे गुण पाच टक्क्यांनी अधिक असले, तर आईबाप घरासाठी सुमारे अडीच टक्के अधिक मोजतात, असे त्यांना आढळले.

ही अधिक किंमत देऊन आईबाप नेमके काय घेतात? जेम्स कोलमन यांनी सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून १९६६ साली अमेरिकन सरकारला एक अहवाल सादर केला. शाळेच्या इमारती आणि साधनसामग्री यांनी मुलांच्या प्रगतीत फार मोठा फरक पडतो अशी अपेक्षा होती. आढळले ते हे, की मुलाच्या घरच्या परिस्थितीचा आणि त्याच्या सोबत्यांच्या घरच्या परिस्थितीचा प्रभाव अधिक असतो. तेव्हा 'चांगली शाळा' म्हणून आपण ज्याची चौकशी करतो ते बरेचसे शेजारच्या बाकावरील मुलाचे घर असते. आणि शेजारी कोण बसावे हे ठरविण्याचा हुकमी उपाय म्हणजे कोणाला गावात राहता येणार नाही हे ठरविणे. वर्णावरून शाळा निराळ्या ठेवणे १९५४ साली ब्राउन खटल्यात घटनाबाह्य ठरले. परंतु पुढे १९७४ साली डेट्रॉइट शहराच्या खटल्यात, भोवतालच्या उपनगरांचे शाळा-जिल्हे त्या शहराच्या शाळांतील फूट मिटविण्यासाठी ओढता येणार नाहीत, असा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी झाला. शहर सोडून गेलेल्यांना गावाची हद्द तेव्हापासून भिंतीसारखी उपयोगी पडली आहे.

आता नीतीचा प्रश्न. समता मानणाऱ्याने आपले मूल मुद्दाम दुबळ्या शाळेत घालावे, असा एक कठोर पक्ष आहे. तो ऐकावयास उदात्त वाटतो. परंतु त्यात त्याग कोणाचा? तत्त्व बापाचे आणि वर्षे मुलाची! सहा वर्षांच्या जिवाला आपल्या मतांचे साधन करण्याचा अधिकार मला कोणत्याही आईबापांस द्यावासा वाटत नाही. म्हणून माझ्या विद्यार्थ्यास मी निःशंकपणे लिहिले, की ऐपत असेल तर चांगल्या शाळेजवळ घर घे. परंतु उलट पक्षही मला तितकाच पोकळ वाटतो. 'मुलांसाठी' एवढा शब्द उच्चारला की सारे क्षम्य होते, अशी आपली एक समजूत आहे. धृतराष्ट्राचे अपत्यप्रेम खोटे होते असे कोणी म्हणत नाही. त्या प्रेमाच्या आड भावाच्या मुलांचा वाटा गिळला जाऊ दिला, हा त्याच्यावरील आक्षेप आहे. आपल्या मुलाला दारातून आत नेणे हे वात्सल्य होय; आपण आत आल्यावर दाराला कडी घालणे यालाही वात्सल्यच म्हणणे म्हणजे शब्दाची फसवणूक होय.

ही कडी कशी घालतात त्याचा इतिहास न्यू जर्सीतच घडला आहे, आणि तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी तो अवश्य वाचावा. फिलाडेल्फियाजवळ माउंट लॉरेल नावाचे गाव आहे. तेथे कृष्णवर्णीय कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून राहत होती. भोवती शहर वाढू लागले तशी जमीन महागली, आणि मोठ्या भूखंडावर एकेका कुटुंबाचे स्वतंत्र घर याखेरीज बहुतेक काही बांधता येऊ नये असे नियम झाले. १९७० च्या सुमारास इथेल लॉरेन्स या शिक्षिकेने आणि तिच्या शेजाऱ्यांनी आपल्या माणसांसाठी परवडण्याजोग्या छत्तीस सदनिका बांधण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. ज्यांना येथे राहणे परवडत नाही त्यांनी गाव सोडावे, अशा आशयाचे उत्तर त्यांना नगराध्यक्षांकडून मिळाले. प्रकरण न्यायालयात गेले. १९७५ साली, आणि पुन्हा अधिक निक्षून १९८३ साली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की कोणत्याही गावाला बांधकामाच्या नियमांच्या आडून गरिबांना बाहेर ठेवता येणार नाही. प्रत्येकाने आपला वाजवी वाटा उचललाच पाहिजे.

यानंतर जे घडले ते मनुष्यस्वभावाचे मासलेवाईक उदाहरण आहे. १९८५ साली कायदा झाला, आणि त्यात अशी सोय ठेवण्यात आली की गावाने आपल्या वाट्याची निम्म्यापर्यंत घरे दुसऱ्या गावावर, पैसे मोजून, ढकलावी! श्रीमंत उपनगराने पैसे द्यावे आणि गरीब शहराने गरिबांना ठेवून घ्यावे. हा सौदा २००८ साली रद्द होईपर्यंत राजरोस चालला. त्यात भाग घेणारे बहुतेक सज्जन, मुलांवर जीव टाकणारे गृहस्थच असतील, याविषयी मला शंका नाही.

माउंट लॉरेलमधील घरे अखेर २००० साली उभी राहिली. त्यांना इथेल लॉरेन्सचे नाव दिले आहे. बाई स्वतः १९९४ सालीच वारल्या होत्या. शेजारच्या घरांच्या किमती कोसळतील, गुन्हे वाढतील, घरपट्टी चढेल, अशी जी भाकिते वर्षानुवर्षे केली गेली होती त्यांची तपासणी डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करून २०१३ साली ग्रंथ लिहिला. गुन्हे, किमती व कर या तिन्ही बाबतींत त्या घरांचा अनिष्ट परिणाम त्यांना आढळला नाही. तेथे राहावयास आलेल्यांची मुले मात्र अधिक चांगल्या शाळांत जाऊ लागली आणि वाचनाला अधिक वेळ देऊ लागली.

मला वाटते, येथे एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. घर घेताना मनात मूल असते. घर घेऊन झाल्यावर हळूहळू त्या जागी घराची किंमत येऊन बसते. गावात स्वस्त सदनिकांचा विषय निघाला की जो गृहस्थ 'शाळेचा दर्जा' म्हणून कळवळतो, त्याचे मूल कित्येकदा शाळा सोडून कॉलेजात गेलेले असते.

इकडील वाचकांनी मात्र अमेरिकेकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. आपल्याकडे घराच्या पत्त्याऐवजी फी तेच काम करते. मुंबईच्या उपनगरांत मध्यमवर्ग प्रथम राहावयास गेला तेव्हा शाळा शोधीत बसला नाही, त्याने ती काढली. विलेपार्ल्यात टिळकांच्या नावाची शाळा १९२१ साली अशीच रहिवाशांच्या उद्योगाने उभी राहिली. त्या मध्यमवर्गाची दृष्टी आपल्या जातीपलीकडे किती जात होती, याविषयी मतभेद होईल. पण शाळा ही काढण्याची वस्तू आहे हे त्याला माहीत होते. कोठारी आयोगाने १९६६ साली शेजारशाळेची शिफारस केली. वस्तीतील सर्वांची मुले एकाच शाळेत गेली, की वजनदार लोकांना त्या शाळेची काळजी आपोआप वाहावी लागेल, हे तिच्यामागील एक कारण होते. ती शिफारस कागदावर राहिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांतील पहिल्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या, तेव्हा 'वातावरण बिघडेल' हे शब्द मी सुशिक्षित तोंडांतून अनेकदा ऐकले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेस या बंधनातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत ती रद्द केली व ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. ती सूट लागू असताना अर्ज करणाऱ्या आईबापांपुढे कोणती शाळा उरली होती, याची चौकशी आमच्या वर्गात फारशी कोणी केली नाही.

माझ्या विद्यार्थ्याने शेवटी एका चांगल्या शाळेच्या गावात घर घेतले. न्यू जर्सीने २०२४ साली नवा कायदा केला असून, परवडणाऱ्या घरांच्या वाटपाचा पुढील दहा वर्षांचा टप्पा जुलै २०२५ पासून सुरू झाला आहे. कोणत्या गावात किती घरे, कोणत्या जागेवर, याच्या चर्चा गावोगावच्या सभांतून होतात आणि त्यांत रहिवाशांना बोलता येते. त्याला मी या सभांविषयी लिहिले. त्याची मुलगी आता पहिलीत आहे. हा टप्पा संपेल तेव्हा ती दहावी ओलांडून गेलेली असेल. तो सभेस गेला की नाही, हे त्याने अजून कळविलेले नाही.