मुळाबरहुकूम

१९६९ च्या जुलैत चंद्रावर प्रथम पाऊल टाकणाऱ्या आर्मस्ट्राँगचे तेथील चांगले छायाचित्र जवळजवळ नाहीच. कारण कॅमेरा बहुतेक वेळ त्याच्याच हाती होता. यानाच्या खिडकीतला १६ मिलिमीटरचा चलच्चित्रणाचा कॅमेरा मात्र त्याला टिपीत होता. अँडी साँडर्स या ब्रिटिश गृहस्थाने त्या फितीतील अनेक चौकटी एकीवर एक बसवून स्थिर चित्र सिद्ध केले. फितीवरचे दाणे प्रत्येक चौकटीत निराळे पडतात, माणूस तोच राहतो. सरासरी काढली की दाणे विरतात व आकृती उरते. १९७० च्या अपोलो १३ च्या यानातील तुकडे जुळवून त्याने विस्तृत दृश्येही रचली. तेथे तर निरनिराळे क्षण शेजारी येऊन बसतात.

याला खरे म्हणावे काय? कचेरीत नकलेवर 'मुळाबरहुकूम' असा शेरा मारताना आम्ही मुळातले अशुद्धही तसेच ठेवतो. पण ही कसोटी कारकुनाची झाली! पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहा. तिची संहिता जशीच्या तशी कोणत्याही एका पोथीत नाही. तरी ती बनावट ठरत नाही, कारण टाकलेले पाठ तळटीपांत हजर आहेत. येथेही, मला वाटते, दोष जोडण्यात नसून जोड लपविण्यात आहे.

अर्थात त्यासाठी पोथी शिल्लक हवी. अपोलो ११ च्या दूरचित्रणाच्या मूळ फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाने २००९ साली काढला. तेथे तळटीप कशाला लावणार?