प्रश्न कोण काढणार?

पालमला आम्ही पाचसहा पोरांनी झाडलोट करणाऱ्या कंत्राटी कामगारांची पाहणी केली. रात्री विहारात बसून २२ प्रश्न काढले. कामावर समाधानी आहात का, भेदभाव होतो का, असले. उत्तर होय, नाहीतर नाही. दोन दिवसांत फॉर्म भरून झाले. जवळजवळ सगळ्यांचं एकच : समाधानी आहोत, भेदभाव नाही.

आम्ही चिडलो. एकजण म्हणाला, यांना जाणीवच नाही. मी ते ऐकून घेतलं. त्याची आज लाज वाटते.

एका मावशीनं नंतर विचारलं, "बाबा, तुमी इचारलं तवा मुकादम कुठं हुता?"

शेजारीच होता. बिडी ओढत.

मित्रांनो, ज्याचं दुःख त्यानं फक्त उत्तर द्यायचं, की प्रश्नही त्यानंच काढायचा? आपण पटकन म्हणू, त्यानंच. पण 'कामगारांना विचारा' एवढ्यानं भागत नाही. मुंबईच्या १९२८ च्या गिरणी संपात मागण्या कामगारांच्याच पुढाऱ्यांनी काढल्या होत्या. विणकाम खात्यात अस्पृश्याला शिरू देत नाहीत, हे मात्र त्यांत नव्हतं. पगार चांगला त्याच खात्यात. पण धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, म्हणून सवर्ण कामगाराला विटाळ! बाबासाहेब अडून बसले तेव्हा कुठं नाखुशीनं ती मागणी घातली गेली. मालक म्हणाले, हा अन्याय असलाच तर आमचा नव्हे. अर्धं खरंच बोलले की ते! १९३८ ला मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, ते उगाच नाही. पुढं १९४२ ला मजूरमंत्री असताना त्यांनी सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदेचं अध्यक्षपद भूषवलं. पण कामगाराच्या खुर्चीत नेमका कोण बसतो, हा सवाल राहतोच. आमच्या विहारात त्या रात्री झाडूवाली एकही बाई नव्हती.

मग रविवारी बाया स्वतः जमल्या. मुकादमाविना. प्रश्न त्यांनी काढले. आजारी पडलं तर बदली माणूस कुणी द्यायचा? प्यायच्या पाण्याचा गिलास कुठं ठेवलेला असतो? लघवीला जायचं कुठं? आमच्या २२ त यातला एकही नव्हता. उत्तरं द्यायला बसल्या तर दुपार कलली.

आम्हाला ते लगेच छापायचं होतं. मावशी म्हणाली, "छापशील रं. तुजं नाव हुईल. आमची हजरी जाईल."

मी वाद घातला. खरं ते सांगितलंच पाहिजे, वगैरे. पण किंमत भरणार ती, आणि निधड्या छातीचा ठरणार मी. हा कुठला न्याय? उलट बाजूही आहे : गप्प बसलं तर ठेकेदार सुखात झोपतो. या दोहोंतून मला अजून वाट सापडलेली नाही. एवढंच ठरवलं, की वाट मी एकट्यानं शोधायची नाही.

ते कागद मावशीच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. वरचे तीन प्रश्न तिला विचारून लिहिलेत. उत्तरं लिहिलेली नाहीत. बायांची पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे. बोलावलं तर जाईन.