लांब कान बघून शेळी घेणाऱ्यांनो

मोबाइल आधी पिशवीत टाका. ज्या व्हिडिओने तुमच्या डोक्यात हे वारं भरवलं, तो पुन्हा बघून काही मिळणार नाही. त्यात सगळं दाखवलंय, फक्त शेळीचं तोंड उघडून कुणी दाखवलेलं नाही.

एकलहऱ्याच्या, सामनगावच्या, हिंगणवेढ्याच्या पोरांना शेळी ओळखायला शिकवावं लागतं, याचीच मला लाज वाटते. तुमच्या आज्या दाराशी बांधलेल्या शेळीच्या दुधावर नातवंडं वाढवत होत्या. आणि तुमचं वीजकेंद्रातलं कंत्राटी काम सुटलं, की तुम्ही माझ्याकडे येता आणि पहिला प्रश्न काय? "सर, सिरोही घेऊ की बोअर?" चारा कुठून आणणार ते ठरलेलं नाही, गोठ्याची जागा ओली की कोरडी ते बघितलेलं नाही, घरात शेळी पिळता कुणाला येते ते माहीत नाही. जात मात्र आधी ठरवायची, तीही मोबाइलचं मॉडेल निवडल्यासारखी, फोटो बघून.

तुमच्यातल्याच एकाने ऐन पावसाळ्याच्या तोंडावर राजस्थानातून ट्रकने शेळ्या मागवल्या. नाव घेत नाही, खाली गेलेल्या मानेवरून सगळ्यांना कळलंच आहे. अरे, सिरोही ही अरवलीच्या कोरड्या हवेतली शेळी. दिवस दिवस ट्रकमध्ये दाटीवाटीने उभी, पोटात चारा नाही, पाणी नाही, आणि उतरली ती थेट तुझ्या गळक्या शेडच्या चिखलात. तिला फुफ्फुसदाह होणार नाही तर काय होणार? आणि मेल्यावर तू म्हणतोस, जात खराब निघाली. जात उत्तम आहे रे. तिच्या मुलखात ती सोनं आहे. आणणाऱ्याने महिना चुकीचा धरला, वाहन चुकीचं धरलं आणि बांधायची जागाही चुकीची ठेवली.

दुसऱ्याला जमुनापारी हवी होती, उंची बघून. ती शेळी उत्तर प्रदेशात इटाव्याच्या बाजूला, यमुना-चंबळच्या घळईत वाढलेली. तिथलं झाडझुडूप ओरबाडत हिंडायची तिला सवय. लांब पाय, पोपटासारखं बाकदार नाक, लोंबणारे कान, सगळं खरं. पण ती बहुतेक वेळा एकच करडू देते हे त्या व्हिडिओवाल्याने सांगितलं का? तुझ्या हिशेबाच्या कागदावर मात्र प्रत्येक वेताला जुळी मांडलेली आहेत. दोन वर्षांत तीन वेतं, प्रत्येक वेताला दोन करडं, एकही मरतूक नाही आणि एकही शेळी माजावर यायची चुकत नाही. असा कळप फक्त कागदावर चरतो. गाभणकाळ सुमारे दीडशे दिवसांचा. पुढे तीन महिने करडू अंगावर पितं. म्हणजे आठ महिन्यांचं एक वेत झालं, आणि तेही सगळं चोख पार पडलं तरच.

आता बाहेरचं सोडा आणि घरचं बघा. महाराष्ट्राच्या ओळखीच्या जाती चार: उस्मानाबादी, संगमनेरी, विदर्भातली बेरारी आणि सिंधुदुर्गाकडची कोकण कन्याळ. यातली संगमनेरी कुठली? नगर, पुणे आणि नाशिक या तीन जिल्ह्यांची. म्हणजे तुमच्याही जिल्ह्याची, नाशिकची! बहुतेक पांढरी, कुठे काळे-तांबूस ठिपके, आखूड राठ केस, मागे वळलेली शिंगं. दूधही देते, मटणालाही चालते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तिचा कळप सांभाळला, पिढ्यान्‌पिढ्या वजनं आणि दूध लिहून ठेवलं. सरकारच्या दहा शेळ्या आणि एक बोकड देणाऱ्या योजनेतही आपल्या भागासाठी उस्मानाबादी आणि संगमनेरी हीच नावं आहेत. आणि हीच शेळी सिन्नरकडच्या माळावर दिसली की तुम्ही तोंड वाकडं करून म्हणता, "ही तर गावठी." उस्मानाबादी काळीभोर, काटक, दुष्काळी मुलखात जुळी देणारी. तीही तुमच्या डोळ्यांत भरत नाही, कारण तिचे कान गुडघ्यापर्यंत येत नाहीत.

पण नुसतं घरच्या जातीचं नाव घेऊनही निवांत होऊ नका. आपला जिल्हा तरी एकसारखा आहे का? घोटी-इगतपुरीला पावसाची झोड, सिन्नर-येवल्याला टँकर. एकाच जातीची शेळी या दोन टोकांना सारखी नांदत नाही. तुम्ही मधे आहात, गोदाकाठी, ऊस आणि द्राक्षांच्या शेजारी. तुमच्याकडे चारा म्हणजे उसाचं वाढं, बांधावरची सुबाभूळ, बाभूळ, कडुनिंब. फुकटचं मिळतं म्हणून नुसत्या वाढ्यावर शेळी ठेवाल तर ती खंगेल. सुबाभूळ चांगली, पण तीही एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका. आणि एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की द्राक्षबागेतून पाल्याची गाडी भरून आणणारे महाभाग याच वर्गात बसलेत. त्या पाल्यावर काय काय फवारलंय, शेवटची फवारणी कधी झाली, हे बागवाल्याला विचारलंत? बोर्डोतलं मोरचूद, वर कीटकनाशकं. विचारल्याशिवाय एक पानही गव्हाणीत पडता कामा नये.

आता निवडीकडे येतो. हे न शिकता बाजारात जाणं म्हणजे व्यापाऱ्याच्या पोरांची फी भरणं.

शेळीच्या वरच्या जबड्याला पुढे दात नसतात, हे तुमच्यातल्या किती जणांना ठाऊक होतं? हसू नका. मागच्या बाजारात "वरचे दात पडलेत" म्हणून चांगली शेळी सोडून आलेला माणूस इथेच बसला आहे. पुढचे आठ दात खालच्या जबड्यात. आधी दुधाचे, बारीक. वर्ष-सव्वा वर्षाला मधले दोन पडून मोठे, रुंद येतात, ती दोन दाती. दोन वर्षांच्या आसपास चार दाती, तिसऱ्याच्या आसपास सहा दाती, साडेतीन-चारला आठ दाती, म्हणजे जुळलेली. त्यानंतर दात झिजतात, फटी पडतात, हलतात, गळतात. जबडा दोन्ही हातांनी धरा, ओठ बाजूला करा आणि बघा. खालचे दात वरच्या गादीवर नीट टेकले पाहिजेत. जबडा पुढे-मागे असेल तर त्या जनावराला झाडाचा शेंडा खुडताच येत नाही, मग खुराक कितीही घाला. "तरुण आहे हो साहेब" हे व्यापाऱ्याचं वाक्य आहे, आणि तो ते झिजलेल्या दातांसमोर उभं राहूनही म्हणतो.

मग खाली वाका. कमरेत वाकायची लाज वाटत असेल तर हा धंदा करू नका. कास हातात घ्या. दोन्ही सड सारखे, करडाच्या तोंडात मावतील एवढे. कासेत गाठ लागली, एक बाजू कडक आणि गरम लागली, तर दुसऱ्या शेळीकडे चला. कास फुगलेली दिसली म्हणून भुलू नका. आदल्या दिवसापासून धार न काढता तुंबवून आणतात. समोर पिळायला लावा. चांगली कास रिकामी झाली की मऊ पडते, खराब कास तशीच दगड राहते. पोट भरलेलं दिसलं की "गाभण" म्हणतात. मीठ चारून पाणी पाजलेली शेळीही तशीच दिसते. सोबत दोन करडं उभी असली तर ती तिचीच आहेत का ते बघा. जवळ सोडा. आपलं करडू शेळी हुंगून घेते, परक्याला शिंग दाखवते. तिला खोटं बोलायला अजून कुणी शिकवलेलं नाही.

डोळ्याची खालची पापणी ओढून बघा. लालसर हवी. पांढरी पडली असेल तर पोटात जंत रक्त पितायत. शेपटीखाली घाण चिकटलेली नको, नाक वाहतं नको. दहा पावलं चालवून बघा, खुरं बघा. शक्यतो दुसऱ्या-तिसऱ्या वेताची घ्या, आणि बाजारापेक्षा कुणाच्या गोठ्यावरून घ्या, जिथे तिची आई आणि बहिणी उभ्या दिसतात. आई जुळी देणारी आहे का, हे विचारायला लाजता, आणि सोयरीक जमवताना सात पिढ्यांची चौकशी करता!

बोकडाबद्दल तर तुमचं अज्ञान भयंकर आहे. पंचवीस-तीस शेळ्यांमागे एक बोकड, म्हणजे करडांचा अर्धा वारसा त्या एकाचा. आणि तुम्ही त्याच्यावरच पैसे वाचवता. मोठा झालेला बोकड ईदला चांगला पैसा देतो म्हणून सगळ्यात वाढीचे बोकड येवल्याच्या बाजारात जातात आणि मागे राहिलेलं मरतुकडं कळपाला लागतं. वर्षानुवर्षं हेच. मग ओरडता, करडं लहान निघतात. सर्वांत चांगला विकायचा आणि उरलेल्यापासून पैदास करायची, ही निवडच आहे, फक्त उलटी. बोकड जुळ्यातला घ्या, दोन्ही वृषण सारखे आणि खाली उतरलेले बघा, मागचे पाय सरळ आणि भक्कम बघा. आणि दीड-दोन वर्षांनी बदला, नाहीतर तो स्वतःच्याच लेकींना लागतो.

आणखी एक, नीट लिहून घ्या. जन्मतः बिनशिंगी, म्हणजे भुंड्या शेळीला भुंडा बोकड लावू नका. उस्मानाबादीत भुंड्या शेळ्या पुष्कळ असतात. भुंडेपणाच्या अनुवंशालाच एक खोट जोडलेली आहे. दोन्हीकडून भुंडेपणा आला की मादी म्हणून जन्मायची ती करडं धड ना मादी, धड ना नर, अशी वांझ निघतात. बोकड शिंगांचा असला की हा प्रश्न उरत नाही. "भुंडा बोकड मारत नाही, बरा पडतो" म्हणणाऱ्याने आज घरी जाऊन आपल्या गोठ्यात काय आहे ते बघावं.

बोअरचं तुणतुणं वाजवणाऱ्यांसाठीही सांगतो. तो प्राणी मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 1993 मध्ये त्याचे गोठवलेले भ्रूण आणले. पण त्याच संस्थेची मेंढीची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. सुंदरबनातली गरोल मेंढी जुळी देते, पण चणीने बारकी. त्या माणसांनी गरोलचे कळप आणून शेतकऱ्यांच्या गळ्यात मारले नाहीत. जुळं देण्याचा तिचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणला, पिढीमागून पिढी वजनं घेतली, रक्त तपासलं, निवडत राहिले, आणि त्यातून नारी सुवर्णा उभी राहिली. बाहेरचा गुण घेतला तरी पाया इथल्याच जनावराचा ठेवला. आणि तुम्ही? बोअरचा पाव हिस्साही नसलेला पांढऱ्या अंगाचा, तांबड्या डोक्याचा बोकड "प्युअर" म्हणून विकत घेता, नोंद न मागता. इमूच्या वेळी असंच झालं होतं. पक्षी विकणाऱ्यांनी पक्षी विकले आणि पाळणाऱ्यांकडे गिऱ्हाईक आलंच नाही. आजही ज्याला त्याला पैदाशीचं जनावर विकायचं आहे. कसायाचा भाव सांगा म्हटलं की गप्प.

नवी जनावरं आणली की महिनाभर वेगळी बांधा. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस झाली का ते विचारा, कानातल्या बिल्ल्याचा आकडा लिहून घ्या. यावर जास्त बोलत नाही, दवाखान्यात डॉक्टर बसलेत, त्यांना भेटायला पैसे पडत नाहीत.

येत्या आठवडे बाजाराला सगळ्यांनी जायचं. खिशात फक्त भाड्याचे आणि चहाचे पैसे. जो शेळी घेऊन येईल त्याला पुन्हा वर्गात घेणार नाही. निदान दहा शेळ्यांची तोंडं उघडायची, कास चाचपायची, पापणी बघायची. व्यापाऱ्याने सांगितलेलं वय एका रकान्यात, तुम्ही दातांवरून काढलेलं दुसऱ्यात. व्यापारी खेकसेल. खेकसू द्या, माझं ऐकून घेतलंत तसं त्याचंही ऐका. सोमवारी वह्या बघतो, आणि दहाच्या दहा शेळ्या दोन दाती लिहून आणणारा झाडाखाली बसून आला हे मला कळतं.