काट्यांचं कुंपण

आपली बाजू खरी असेल, तर ती राखण्यासाठी थोडी लबाडी केली तर चालेल का? आपल्यापैकी बहुतेक जण याचं उत्तर मनातल्या मनात 'चालेल' असं देऊन मोकळे होतात. भारतीय तर्कपरंपरेनं मात्र हा प्रश्न काही शतकं लावून धरला आणि त्याचं उत्तर बदलत नेलं. तो बदल मला या परंपरेतला सर्वांत मोलाचा ऐवज वाटतो.

सुरुवात वैद्यांपासून करावी लागते. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या चर्चेचे दोन प्रकार सांगितले आहेत. संधायसंभाषा ही सलोख्याची चर्चा. तिथे हरण्याची भीती बाळगू नये आणि समोरच्याला हरवल्याचा आनंदही मानू नये. विगृह्यसंभाषा मात्र जिंकण्यासाठी असते आणि तिचे डावपेच उघडपणे दिले आहेत. प्रतिस्पर्ध्याचं अध्ययन कच्चं असेल तर लांबलचक सूत्रपाठ म्हणून त्याला दडपावं, समज कमी असेल तर अवघड शब्दांची वाक्यं फेकावीत, रागीट असेल तर दमवावं, भित्रा असेल तर धाक दाखवावा. ज्याच्या उपजीविकेचा आणि प्रतिष्ठेचा निकाल भर सभेत लागायचा, त्याला हे शिकवणं भाग वाटलं असणार.

इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत गौतमाच्या नावावर असलेली न्यायसूत्रं आकाराला आली आणि डावपेचांच्या जागी वर्गीकरण आलं. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची मोडायची, ती वितंडा. त्याशिवाय पाच हेत्वाभास म्हणजे फसवी कारणं, तीन छल म्हणजे शब्दांचे खेळ, चोवीस जाती म्हणजे वरवरच्या साम्यावर बेतलेले पोकळ आक्षेप, आणि बावीस निग्रहस्थानं, अशी फसव्या बोलण्याची जणू पूर्ण नोंदवहीच तयार झाली. छलाचं न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन यानं दिलेलं उदाहरण आजही सहज कळतं. कुणी म्हणालं, 'हा मुलगा नवकंबल आहे', म्हणजे त्याच्या अंगावर नवी घोंगडी आहे. समोरचा म्हणतो, 'नऊ घोंगड्या कुठे आहेत? एकच तर दिसते!' बोलणाऱ्याचा हेतू ठाऊक असूनही त्याच्या शब्दाला दुसरा अर्थ चिकटवायचा आणि मग तो अर्थ खोडून काढायचा, ही ती युक्ती.

निग्रहस्थानं म्हणजे वादी जिथे हरला असं मानायचं त्या जागा. तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिवाद्याला कळणार नाही असं बोलणं, हे एक. 'मला काम आहे' म्हणून चर्चा अर्धवट सोडणं, हे दुसरं. आणि मतानुज्ञा: आपल्यावरचा आरोप खोडायचा नाही, 'तुमच्यातही तोच दोष आहे' एवढंच म्हणायचं. असं म्हणणाऱ्यानं स्वतःचा दोष कबूल केला, असा निवाडा नैयायिकांनी, म्हणजे न्यायसूत्रं मानणाऱ्या तार्किकांनी, दिला. 'तुमच्या काळात काय झालं होतं?' या प्रश्नावर चालणाऱ्या टीव्हीवरच्या चर्चांना तो निवाडा जसाच्या तसा लागू पडतो.

पण न्यायसूत्रांनी एक दार उघडं ठेवलं. कोवळ्या अंकुराभोवती जसं काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसे जल्प आणि वितंडा सत्याच्या रक्षणासाठी वापरावेत, असं त्यांनी म्हटलं. म्हणजे लबाडी ओळखायची, तिला नावं द्यायची, आणि वेळ पडली तर तिचा आधारही घ्यायचा.

सातव्या शतकाच्या सुमारास धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकानं 'वादन्याय' या ग्रंथात हे कुंपण उपटून काढलं. त्याचा युक्तिवाद साधा आहे. सत्य राखायला छल चालत असेल, तर नखांनी ओरबाडणं, थप्पड मारणं, शस्त्र चालवणं, आग लावणं हेही चालेल असं म्हणा! रक्षणाचा हा मार्ग सज्जनांना शोभत नाही. बावीस निग्रहस्थानांऐवजी त्यानं दोनच ठेवली: वादीनं सिद्धतेला लागणारं न सांगणं, आणि प्रतिवादीनं खरा दोष न दाखवणं. या ग्रंथाची मूळ संस्कृत प्रत भारतात उरली नव्हती. १९३०च्या दशकात राहुल सांकृत्यायनांनी ती तिबेटातून उजेडात आणली.

आठव्या शतकात जैन आचार्य अकलंक आणखी एक पाऊल पुढे गेले. प्रतिवादी अडखळला म्हणून तुम्ही जिंकलात असं होत नाही. तुमची बाजू तुम्ही सिद्ध केली, तरच तो जय. जिंकण्याचा अर्थच त्यांनी बदलला.

आज मोबाइलवर येणाऱ्या मजकुरातली फसवणूक ओळखायला आपण शिकतो आहोत, आणि ते गरजेचंच आहे. पण हेत्वाभासांची यादी पाठ असलेला माणूस ती फक्त विरोधकाच्या बोलण्याला लावत राहिला, तर तो चरकाच्या डावपेचांपाशीच थांबला. आपल्या बाजूचं एखादं खोटं छायाचित्र 'मुद्दा तर खरा आहे ना' म्हणून पुढे पाठवताना आपण तेच काट्यांचं कुंपण घालत असतो. ते खोटं उघड झालं की लोक छायाचित्रापाशी थांबत नाहीत, त्यामागच्या खऱ्या मुद्द्यावरचाही त्यांचा विश्वास उडतो. म्हणून मला धर्मकीर्तीचा नियम आदर्शवादी वाटत नाही, तो व्यवहार्य वाटतो: जे सिद्ध करता येतं तेवढंच म्हणावं, आणि ते पुरेसं पडत नसेल तर आणखी पुरावा शोधावा.