सरपणाची वाट

प्रभू येशूच्या दाखल्यातील शोमरोनी आला तो लुटारू निघून गेल्यावर. तो आधी आला असता तर?

सुदानमधील दारफूर प्रांतात २००३ साली यादवी भडकली. विस्थापितांच्या छावण्यांतून सरपणाला पुरुष गेले तर जिवे मारले जातील, म्हणून स्त्रिया जात. वाटेत त्यांच्यावर बलात्कार होत. पुढे आफ्रिकी संघाचे शांतिसैनिक काही ठिकाणी त्यांच्यासोबत चालू लागले. असा अत्याचार युद्धगुन्हा ठरू शकतो, हे २००८ साली सुरक्षा परिषदेनेही नमूद केले. परंतु ठराव रानात सोबतीला येत नाही; माणसालाच जावे लागते.

जखमा बांधणे पुण्यकर्म खरेच. तथापि जखम होण्याआधी वाटेवर उभे राहणे, हाही शेजारधर्मच नव्हे काय? आपण मात्र बहुधा तेल आणि द्राक्षारस घेऊन उशिरा पोहोचतो.